खालच्या ओळी

एकेचाळिसाव्या मिनिटाला बाई काहीच बोलली नाही आणि तरीही खाली ओळ उमटली. सुनीतीने चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं, पुन्हा चालवलं. फ्रान्समधल्या एका बंदरगावचं पोस्ट ऑफिस, तीन नंबरची खिडकी, खिडकीमागे पन्नाशीची कारकून बाई. शेवटचं गिऱ्हाईक पाकीट देऊन गेलं. बाईने काच खाली ओढली, शिक्का डबीत ठेवला आणि मग बोटांवरची शाई बघत ती नुसती बसून राहिली. एकोणीस सेकंद. ओठ मिटलेले. खोलीत दुसरं कुणी नाही. बाहेर एका ट्रकचं इंजिन चालू झालं आणि दूर गेलं, तेवढाच आवाज. आणि पडद्याच्या तळाशी, पिवळ्या अक्षरांत, बाबांना आवडायच्या त्या जाड टंकात: 'सकाळीच भात लावून आले असते तर आत्ता बरं झालं असतं.'

तिला आधी वाटलं, ओळ सरकली. असं होतं. सबटायटलना बाबा खालच्या ओळी म्हणायचे. त्या एका साध्या फायलीत असतात: ओळीचा क्रमांक, ती कधी उमटायची, कधी पुसायची आणि मजकूर. एखादी वेळ चुकली की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी जातं आणि बायकोच्या प्रश्नाआधी नवऱ्याचं उत्तर येतं. अशा चुका सुनीतीच्या नजरेतून सुटत नसत. द्रोणागिरीच्या एका गोदाम कंपनीत ती चौदा वर्षं फ्रेंच कागद इंग्रजीत आणि इंग्रजी कागद फ्रेंचमध्ये करत होती. कंटेनरमध्ये काय आहे, ओलावा किती चालेल, कुठल्या बाजूने उघडायचा. तिथे एका शब्दाने माल कुजतो. तिने मागची ओळ पाहिली, पुढची पाहिली. दोन्ही जागच्या जागी होत्या. सबंध चित्रपटात भाताचं नाव नव्हतं. दोनशे सात क्रमांकाची ओळ तिच्या वडिलांनी, मधुकररावांनी, स्वतःच्या मनाने लिहून एका गप्प बसलेल्या फ्रेंच बाईच्या हनुवटीखाली नीट मधोमध बसवली होती.

बाबा जाऊन पन्नास दिवस झाले होते. दिवसवार झाले, पाहुणे गेले. उरलेल्या औषधांच्या पट्ट्या मेडिकलवाल्याने परत घेतल्या नाहीत म्हणून त्या अजून फ्रिजवर होत्या. नेरूळच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती जमेल तशी येऊन राहत होती आणि रडत बसण्यापेक्षा काम बरं हा घरातल्या सगळ्यांचाच स्वभाव असल्यामुळे काम शोधत होती. काम नांत शहराहून आपण होऊन आलं. ओदील केरव्हान या दिग्दर्शिकेच्या सहाही चित्रपटांचा संच तिचे निर्माते काढत होते आणि जगभरच्या लहानसहान फिल्म सोसायट्यांनी आपापल्या भाषांत केलेली सबटायटलं, मराठीतली बाबांची, त्यात घालणार होते. पत्रात 'छोट्या भाषा' असे शब्द होते. सुनीतीने त्यावर काही लिहिलं नाही. आठ-नऊ कोटी माणसांची बाजू घेऊन भांडायला ती सध्या मोकळी नव्हती. सोबत एक पानी प्रमाणपत्र होतं: मूळ चित्रपटात नाही असं काहीही यात घातलेलं नाही, आहे त्यातलं काहीही गाळलेलं नाही. खाली सही. वडील हयात नाहीत तर मुलीची चालेल. सोमवारपर्यंत. त्या वाक्यात तिला काहीच अडचण दिसली नव्हती. नजर फिरवायची, शुद्धलेखन बघायचं, सही करायची, असं धरून ती गुरुवारची रजा काढून बसली होती.

ओदील केरव्हान तिला लांबच्या मावशीसारखी माहीत होती; कधी भेटलेली नाही, पण घरात सतत नाव. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मिठागरवाल्याची मुलगी. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी सहा वर्षं तिने बंदरावरच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली आणि पहिला चित्रपट त्याच धुलाईखान्यावर, त्याच बायकांना घेऊन केला. नटनट्या घेतल्या नाहीत, पार्श्वसंगीत वापरलं नाही. दुसऱ्या चित्रपटाला मोठं बक्षीस मिळालं तेव्हा पॅरिसच्या लोकांनी तिला नावाजलेली नटी देऊ केली. ती किनाऱ्यावर परत गेली आणि सात वर्षं तिने काहीच केलं नाही. मग 'तीन नंबरची खिडकी'. मग 'उत्तरेकडची खोली', जो समीक्षकांना आवडला नाही आणि बाबांना सगळ्यांत जास्त आवडला. मग 'मिठावरचं ऊन'. आणि अडुसष्टाव्या वर्षी, हा शेवटचा असं जाहीर करून केलेला 'ओहोटीचं वेळापत्रक'. तिची खूण एकच. माणसाचं बोलणं संपलं की बाकीचे दिग्दर्शक कात्री लावतात; ही तिथून सुरू करते. चेहरा राहतो. दहा सेकंद, वीस, कधी मिनिटभर. एका मुलाखतीत ती म्हणाली होती की माझ्या चित्रपटातली शांतता हा संवादच आहे, फक्त तो मी कुणाला लिहू दिलेला नाही. सुनीतीला ते वाक्य मूळ फ्रेंचमध्ये पाठ होतं. एकदा तिने ते बाबांना मराठी करून ऐकवलंही होतं. बाबा म्हणाले होते, वा. आणि नेहमीसारखा रिकामा कप बशीत उलटा ठेवून उठले होते.

संध्याकाळपर्यंत तिने मोजणं सोडून दिलं. आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. जिथे जिथे केरव्हानबाईंनी माणसांना गप्प बसवलं होतं तिथे तिथे बाबांनी त्यांना बोलतं केलं होतं. 'उत्तरेकडच्या खोली'तला म्हातारा खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता आणि खाली लिहिलं होतं, 'पंखा बंद केला का मी?' त्या घरात पंखाच नव्हता. धुलाईखान्यातली बाई सगळ्या निघून गेल्यावर एकटी चादर घडी करायला घेते, हनुवटीखाली धरते, जमत नाही, थांबते. खाली: 'दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.' इथे सुनीतीने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. ती उठून गॅलरीत गेली. आई-बाबा या गॅलरीत चादरी घडी करायचे. चार पावलं मागे, ताण द्यायचा, चार पावलं पुढे, टोकं हातात द्यायची, एक शब्द न बोलता. आई जाऊन दहा वर्षं झाली. त्यानंतर बाबा चादर कशी घडी करत होते हे तिला माहीत नव्हतं. तिने आत जाऊन कपाट उघडलं. चादरी घडी केलेल्या नव्हत्या. त्या नकाशासारख्या गुंडाळून उभ्या ठेवल्या होत्या. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत बाबांनी तेहेतीस वर्षं नकाशे काढले होते. गुंडाळणं एकट्याला जमतं.

पण तिला कळवळा नको होता, कारण हवं होतं आणि ते तिला माहीत होतं. फक्त त्याचं पुढे काय झालं हे माहीत नव्हतं. बाबांची फिल्म सोसायटी सुरू झाली तेव्हा शिरवण्याच्या समाजमंदिराचा हॉल गावाने महिन्याच्या एका रविवारी सकाळी वापरायला दिला, आणि अट एकच घातली: दार उघडं ठेवायचं. गावचा हॉल आहे, गावातलं कुणीही येऊन बसेल. पहिली दोन वर्षं प्राध्यापक आले, इंजिनियर आले, मग एकेक करून गळाले. उघड्या दारातून आलेले मात्र राहिले. शिरवण्याची पुतळाबाई आली. तिच्या सासऱ्याचं मिठागर नव्या शहराखाली गेलं होतं आणि गुडघे दुखतात म्हणून ती पंख्याखाली येऊन टेकायची. पाटणकडचे हौसेराव आले. वाशीच्या मार्केटला माथाडी, आठवडाभर डोक्यावर पोती, रविवारी सुट्टी. त्यांना इंग्रजी सबटायटलं वाचता येत नव्हती. म्हणून बाबा मागच्या बाजूला बटणांच्या बोर्डाजवळ खुर्ची टाकून, इंग्रजीवरून केलेलं मराठी वहीतून मोठ्याने वाचायचे. बाई बोलली की बाबा बोलायचे, पुरुष बोलला की बाबा. आणि मग केरव्हानबाईंची ती शांतता यायची. बाबा वाचायचे थांबत. हॉलमध्ये फक्त पंखे. पाच सेकंद, सात सेकंद, आणि हौसेराव खुर्चीत मागे वळत: "काय म्हनली ती, सायेब?" बाबा सांगत, काही नाही म्हणाली. हौसेरावांना ते पटत नसे. एवढं मोठं तोंड दावलंय बाईचं, ते काय फुकट व्हय, असं त्यांचं म्हणणं. पोत्याकडे एकदा बघून आत मिरची आहे का धणे ते ओळखणारा माणूस. त्याला सायबांनी काहीतरी लपवल्यासारखं वाटायचं. मग कधीतरी बाबा उत्तर देऊ लागले. म्हणाली, उशीर झाला. म्हणाली, पाय दुखतायत. हौसेराव समाधानाने पुढे वळत. पंधरा वर्षांची सुनीती बाबांशेजारी बसून हे ऐकायची आणि तिला ते मजेचं वाटायचं.

तेविसाव्या वर्षी वाटेनासं झालं. पुण्याला फ्रेंच शिकून ती परत आली होती आणि पहिल्यांदा केरव्हानच्या बायका काय बोलतात ते कानांनी ऐकत होती. त्या रविवारी धुलाईखान्याचा चित्रपट होता. नंतर चहा. बाबांच्या वाचनात धुलाईखान्यातली बाई मुलाला म्हणाली होती की भाकरी झाकून ठेवलीय. सुनीती सगळ्यांसमोर म्हणाली, "तिकडे भाकरी कोण खातं, बाबा?" हौसेरावांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग काय खात्यात?" ती म्हणाली, पाव. "रोज? समदा गाव आजारी हाय का काय?" हॉल हसला. बाबाही हसले. तिला वाटलं, आपल्यावर हसले. तिने पर्समधून कागद काढला. त्यावर अकरा चुका लिहिलेल्या होत्या आणि तिने अकराही वाचून दाखवल्या, एकामागून एक, कुठे इंग्रजीवाल्याची चूक आणि कुठे बाबांची हे वेगळं करून. शेवटी हेही सांगितलं की जिथे बाई बोलत नाही तिथे काही बोलायचं नसतं, तो दिग्दर्शिकेचा अपमान आहे. आवाज चढवला नव्हता. तिला स्वतःचा तो न चढलेला आवाज आजही स्वच्छ ऐकू येत होता आणि त्यातलं सगळं बरोबर होतं. बाबा म्हणाले, "तो कागद दे मला." घडी करून खिशात ठेवला. पुढच्या महिन्यापासून त्यांनी मोठ्याने वाचणं सोडलं.

त्याचा अर्थ तेव्हा तिने चांगलाच लावला. बाबा आधुनिक झाले, कॉम्प्युटर शिकले, मराठी ओळी आता पडद्यावरच येतात. हौसेरावांना मराठी वाचता येत होतं, जुनी सातवी झाले होते. पुतळाबाईला शेजारचं कुणी वाचून दाखवायचं. खालच्या ओळींचे नियम सुनीतीनेच बाबांना शिकवले होते. एका वेळी दोनच ओळी. माणूस वाचेल त्या वेगाने. आणि कुठलीही ओळ सहा सेकंदांच्या वर ठेवायची नाही. ठेवली तर वाचणारा ती पुन्हा वाचतो आणि चित्रातून उठतो. बाबांनी ते नियम कंपासपेटीच्या झाकणावर चिकटवले होते. चार-पाच खेळांना येऊन ती मग तिच्या नोकरीत, तिच्या घरात, बेलापूरला राहायला गेली आणि रविवारी झोपायला लागली. तिथे रविवारी काय चालतं, याची तिने कधी चौकशी केली नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी कंपनीने पंधरा दिवस नांतला पाठवलं. तिथल्या बाजारात एका दुपारी तिने तव्यावरचं काहीतरी घेतलं, कुठल्याशा काळ्या दाण्याच्या पिठाचं, खरखरीत, कडा करपलेल्या. लोणी लावून घडी करून दिलेलं. विकणारी म्हणाली, इकडच्या गरिबाघरचं हेच, पाव नंतर आला. सुनीती उभ्या उभ्या ते चावत होती आणि तोंडात शिरवण्याचा हॉल आला. भाकरीच होती. परत आल्यावर तिने बाबांना तिथल्या ट्रामबद्दल सांगितलं, थंडीबद्दल सांगितलं. हे सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. ते चौदा शब्दांचं असो की चारांचं, ती ते सहज करू शकली असती. वाक्यं हा तिचा धंदा होता.

शुक्रवारी कामावरून येऊन तिने 'मिठावरचं ऊन' उघडला. मिठागरवालीची मुलगी शहराकडे निघते, रस्त्याच्या वळणावर ती दिसेनाशी होते आणि आई हातात मीठ ओढायचा दांडा धरून उभी. चौतीस सेकंद. सुनीतीला हे दृश्य फ्रेम-फ्रेम माहीत होतं. कॉलेजात तिने यावर निबंध लिहिला होता, आईच्या चेहऱ्यावर काहीही न लिहिणं हीच दिग्दर्शिकेची ताकद असा. खाली ओळ आली. 'जाऊ दे. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.' सहा सेकंदांनी ती गेली. उरलेले अठ्ठावीस सेकंद आई तशीच उभी होती. सुनीतीने फायलीचे तपशील उघडले. तारीख होती ती बेलापूरला राहायला गेली त्या वर्षाची. तेव्हा तिला आणखी एक गोष्ट दिसली, जी एवढा वेळ समोर असून तिने पाहिली नव्हती. दोनशेपैकी एकही ओळ सहा सेकंदांपेक्षा जास्त राहत नव्हती. पोस्टातल्या बाईच्या एकोणिसातले सहाच सेकंद बाबांनी घेतले होते. तेरा तिचे तिला परत दिले होते. नियम पाळून चोरी केली होती.

तिने गीतांजलीला फोन केला. गीतांजली म्हणजे फिल्म सोसायटीची आत्ताची अध्यक्ष, कॉलेजात सिनेमा शिकवणारी, कामाला वाघ. रविवारी बाबांच्या स्मरणार्थ 'ओहोटीचं वेळापत्रक' दाखवायचं तिनेच ठरवलं होतं. तिला हे ओळींचं माहीत होतं. तिने बाबांशी दोनदा वाद घातला होता आणि दोन्ही वेळा बाबांनी चहा मागवला होता. आता तिने सरळ सांगितलं. "सुनीती, हे सबटायटल नाही गं, ही ढवळाढवळ आहे. काकांबद्दल आदर आहेच, पण काढून टाक. खोटी सही करून उद्या तिकडे कुणाच्या लक्षात आलं तर टेन्शन तुला." सुनीती म्हणाली, खोटी सही मी करणार नाही. तिला स्वतःबद्दल एवढी खात्री होती. म्हणजे दोनच रस्ते होते: ओळी काढायच्या, किंवा सही करायची नाही, आणि सही केली नाही तर बाबांच्या सगळ्याच ओळी, खऱ्या आणि मनाच्या, त्या संचाबाहेर राहणार. पंचवीस वर्षांचं काम आणि बाहेरच्या जगात त्याची एवढी एकच जागा.

शनिवारी सकाळी तिने ओळी काढल्या. हे काम तिने दुसऱ्या कुणाच्या फायलीवर केलं असतं तसंच केलं. ओळ निवडायची, पुसायची, पुढचे क्रमांक आपोआप वर सरकायचे. भाताची दोनशे सात गेली आणि तिच्या जागी दुसरीच कुणी दोनशे सात झाली. जागा भरून निघताना बघायला विचित्र वाटत होतं, पण हात थांबला नाही. मग तिने स्वच्छ प्रत लावून 'तीन नंबरची खिडकी' पाहिला. आणि तिला कबूल करावं लागलं की चित्रपट फार मोठा आहे. बाई बोटांवरची शाई बघत बसते, ट्रक जातो आणि त्या एकोणीस सेकंदांत सबंध आयुष्य आत येऊन बसतं, कुणी बोलावलेलं नसताना. केरव्हानचं बरोबर होतं. तेविसाव्या वर्षीच्या सुनीतीचंही बरोबर होतं. फक्त पडद्याच्या तळाशी तिला आता एक रिकामी पट्टी दिसत होती, भिंतीवरचा फोटो काढल्यावर दिसते तशी, आजूबाजूपेक्षा थोडी उजळ.

राहिला शेवटचा चित्रपट. त्याची फाईल बाबांनी आजारपणात केली होती. संवाद सगळे झाले होते आणि ते चांगले झाले होते. मिठागराचे शब्द पुतळाबाईला विचारून घेतलेले कळत होते, मीठ 'बनत' नव्हतं, 'पिकत' होतं. मधेमधे नऊ ठिकाणी मात्र नुसते क्रमांक होते. वेळ घातलेली, कधी उमटायची, कधी पुसायची, आणि मजकुराच्या जागी काही नाही. गप्प चेहऱ्यांच्या ओळी बाबा शेवटी करत असणार. आठ जागा सहा-सहा सेकंदांच्या होत्या. नववी, तीनशे अठरा क्रमांकाची, शेवटच्या दृश्याची; तिला सुरुवात होती आणि पुसायची वेळ घातलेलीच नव्हती.

रविवारी दहाला हॉल भरला, म्हणजे चाळीसेक माणसं. दार उघडं होतं. उन्हाची एक पट्टी आत येऊन पहिल्या रांगेपर्यंत पोचत होती आणि नेहमीप्रमाणे कुणी तक्रार करत नव्हतं. बाबांच्या खुर्चीत, बोर्डाजवळ, सुनीती बसली. गीतांजली दोन वाक्यं बोलली आणि थांबली. मग दिवे गेले. 'ओहोटीचं वेळापत्रक'मध्ये एका मिठागरवाल्याची बायको आहे. नवरा गेलाय. जाण्याआधी त्याने वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा वहीत लिहून ठेवल्यात आणि ती रोज एक ओळ वाचून कामाला जाते: कधी पाणी घ्यायचं, कधी फळी टाकून ते अडवायचं. दिवस जातात, वहीची पानं उलटतात. एवढीच गोष्ट. संवाद आले, खाली बाबांच्या ओळी आल्या. मग पहिली शांतता आली, आणि मागे बसलेल्या सुनीतीला एक गोष्ट दिसली जी पुढे बसून कधीच दिसली नसती. चाळीस माना किंचित खाली झुकल्या. सगळे ओळीची वाट बघत होते. ओळ आली नाही. मग हळूहळू माना वर गेल्या, चेहऱ्याकडे. दुसऱ्या शांततेला पुन्हा खाली, आणि जरा लवकर वर. चौथ्या वेळी बाई मीठ ओढत होती आणि हात मधेच थांबला, तेव्हा पुतळाबाई शेजारणीला म्हणाली, "मीठ कच्चा हाय अजून. तिचा ध्यान नाय तिथं." आवाज हळू होता, पण तो हॉल लहान. कुणी शू केलं नाही. सहाव्या वेळी दोघा-तिघांच्या कुजबुजी ऐकू आल्या, वेगवेगळ्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या, आणि सुनीतीला कळलं की इथे कुणीच गप्प चेहऱ्याला रिकामा समजत नाही. केरव्हानबाईंना हे प्रेक्षक पॅरिसमध्ये मिळाले असतील का, याची तिला शंका होती.

शेवटचं दृश्य. वहीचं शेवटचं पान संपलंय. बाई फळीजवळ उभी, पाणी उतरतंय, पुढची वेळ सांगणारं कुणी नाही. सत्तर सेकंद. पंखे. बाहेर एक रिक्षा थांबली आणि गेली. तीनशे अठरा दृश्याबरोबरच सुरू झाली होती. कुठेच काही दिसलं नाही, पण सुनीतीला ती सुरू झालेली माहीत होती. चाळीस माना वर होत्या. विसाव्या सेकंदाला दुसऱ्या रांगेतले हौसेराव खुर्चीचा हात धरून मागे वळले. मान आता पूर्वीसारखी वळत नव्हती, त्यांना सबंध अंगच वळवावं लागलं. सवयीने वळले असतील, किंवा मुद्दाम. खांद्यावर बाबांना त्यांनीच नेलं होतं, माणूस गेलाय हे त्यांना सांगायची गरज नव्हती. बोर्डाजवळच्या खुर्चीकडे बघून ते म्हणाले, "काय म्हनली ती?"

सुनीतीला कितीतरी वाक्यं येत होती. ती एका क्षणात तयार झाली होती, बाबांच्या चालीवर, चांगली. तिने ती बाजूला ठेवली.

"काही नाही म्हणाली, हौसेरावकाका. नुसती बघतेय."

हौसेरावांनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. "मंग तसं लिवा की तिथं," ते म्हणाले. "आमी हितं वाट बघत बसलोय."

कुणीतरी हसलं. हौसेराव अंग सावरत पुढे वळले आणि उरलेला वेळ सगळ्या हॉलने त्या बाईबरोबर पाणी उतरताना पाहिलं.

चहा झाल्यावर ती थेट नेरूळला आली. दुपारचं ऊन गॅलरीतून टेबलापर्यंत आलं होतं. तिने स्वच्छ केलेल्या पाच प्रती बंद केल्या आणि बाबांच्या मूळ फायली जोडून नांतला पत्र लिहिलं. फ्रेंचमध्ये तिला खाडाखोड करावी लागली नाही. या फायलींत मूळ चित्रपटांत नसलेल्या दोनशेहून अधिक ओळी आहेत. त्या माझ्या वडिलांच्या आहेत. मी त्या काढून बघितल्या. चित्रपट त्यामुळे बिघडत नाहीत, उलट जसे आहेत तसे दिसतात. तरीही मी त्या काढणार नाही. तुम्हाला काढायच्या असतील तर त्यांचे क्रमांक सोबत देते आहे. प्रमाणपत्रावर सही करू शकत नाही, कारण ते खरं होणार नाही. हे पत्र मादाम केरव्हान यांना दाखवावं अशी विनंती आहे. शिरवण्याच्या हॉलमध्ये त्यांच्या शांततेला उत्तर द्यायची पद्धत आहे, हे त्यांना कळायला हरकत नाही. मग खाली जोडलं: त्यांच्या पहिल्या चित्रपटात वडिलांनी पावाची भाकरी केली आहे. ती चूक मी काढली होती. ती चूक नाही.

पत्र पाठवण्याआधी एक काम राहिलं होतं. आठ जागा तिने रिकाम्याच सोडल्या. त्या बाबांच्या होत्या आणि तिथे लोक आता आपापलं भरत होते. तीनशे अठरा उघडली. मजकुराच्या जागी लिहिलं: 'काही बोलत नाही. बघतेय.' पुसायची वेळ घालायची राहिली होती. कंपासपेटीचं झाकण समोरच होतं, तिच्याच अक्षरातले नियम, चिकटपट्टी पिवळी पडलेली. सहा सेकंद. तिने दृश्याचा शेवट शोधला, जिथे पडदा काळा होतो ती नेमकी वेळ घेतली आणि तीच घातली. ओळ सबंध सत्तर सेकंद राहणार होती.